देव्हाऱ्यामागची भिंत

रत्नाचं दुसरं लग्न झालं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. मूल होत नाही म्हणून पहिल्या नवऱ्याने सोडल्यावर नऊ वर्षं ती धुळ्याला भावाकडे राहिली. भावाने तिला कधी वाईट वागवलं नाही. पण तिची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यामधला बोळ होता. एक शिलाई मशीन, एक खाट, आणि सकाळी सहापासून तिथून सगळ्यांची ये-जा. बायकांचे ब्लाउज शिवून उरलेल्या तुकड्यांचे ती उशांचे अभ्रे करायची आणि ते वहिनीच्या दिवाणावर घालायची. वहिनी कौतुक करायची. रत्नाला ते कौतुक नको असायचं, दिवाण हवा असायचा.

मग दोंडाईचाचं स्थळ आलं. योगेंद्रचं बाजारपेठेत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. बायको मोहिनी तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेलेली. घरात आई तानुबाई आणि तेरा वर्षांची मुलगी डिंपल. पाहायला आला तेव्हा योगेंद्र बराच वेळ चहाच्या कपाकडेच बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "पोरीशी बोलायला घरात कोणी नाही. मी बोलतो, पण मला मोटारींचंच बोलता येतं."

रत्ना त्यावर हसली, आणि त्या हसण्यातच जणू ठरून गेलं.

जानेवारीत देवळात लग्न झालं. दोंडाईचाच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिला आधी काही कळेचना. एक पुरुष, एक म्हातारी आणि एक लहान पोर यांचं घर कसं असेल याची तिने मनात तयारी केली होती. पण पुढच्या खोलीत डाळिंबी रंगाचे जाड पडदे होते. दिवाणावर जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची गोधडी होती. खिडकीत पितळी घंगाळात लावलेली झेंडूची रोपं होती. हिवाळ्याच्या दिवसांत आत यावंसं वाटेल, आल्यावर उठावंसं वाटणार नाही, अशी ती खोली होती.

"किती छान ठेवलंय घर," रत्ना म्हणाली.

"आईने ठेवलंय," डिंपल म्हणाली. ती दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिने ओवाळलं, ताट आजीच्या हातात दिलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तानुबाईंनी दिवाणाखालच्या पत्र्याच्या चार पेट्या दाखवल्या. प्रत्येकीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती आणि वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: उन्हाळा, श्रावण, दिवाळी, थंडी. मोहिनी दर ऋतूला घराचे कपडे बदलायची. पडदे, अभ्रे, तोरणं, टेबलावरचे रुमाल, सगळं. थंडीची पेटी तेवढी रिकामी होती, कारण तिच्यातलं सगळं बाहेर लावलेलं होतं. तीन वर्षं डिंपल वेळेवर पेट्या उघडत होती. स्टुलावर चढून एकटीने पडदे बदलत होती.

"हाई घर आते तुन्हं शे, पोरी," तानुबाई म्हणाल्या. "तुले जशी आवड तशी ठेव."

पण रत्नाने पेट्यांना हात लावला नाही. होळी झाली, ऊन तापू लागलं. एका रविवारी डिंपलने स्वतःच उन्हाळ्याची पेटी ओढली. पांढऱ्या सुती पडद्यांवर फिकी हिरवी वेल होती. एक पडदा मधोमध फाटलेला निघाला. डिंपल तो हातात धरून तशीच बसून राहिली.

"दे," रत्ना म्हणाली. "बघू दे मला."

तिने मशीन न घेता हातानेच टाके घातले, वेलीच्या देठावरून, पानाच्या कडेवरून. तासाभराने पडदा उजेडात धरला तर फाटलेलं कुठे होतं ते डिंपलला सापडेना. तिने बोट फिरवून पाहिलं.

"मावशी, हे मला शिकवाल?"

त्या एप्रिलमध्ये रत्ना सुखात होती. अशी सुखात ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतही नव्हती आणि पहिल्या लग्नातही नव्हती. दुपारी तानुबाई झोपल्या की दोघी जमिनीवर बसून शिवायच्या. कूलरच्या पुढे मोगऱ्याची फुलं ठेवायची हे डिंपलने तिला सांगितलं, कारण आई ठेवायची. माठाखाली ओलं पोतं आणि पोत्यावर वाळा, कारण आई तसं करायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मागच्या कडुलिंबाला झोका बांधायचा, पण दोर आधी रात्रभर पाण्यात भिजवायचा. रत्ना सगळं ऐकायची आणि तस्संच करायची. तिला वाटायचं, आपण पोरीला तिचं घर जसंच्या तसं परत देतोय. एका अभ्र्यावर दोघींनी मिळून वेल काढली, पडद्यावरची बघून बघून. डिंपलची पानं जरा मोठी आली, रत्नाची बारीक. तानुबाईंनी अभ्रा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "मोहिनीनीच करेल शे ना हाऊ?" दोघी हसल्या. रत्नाला तर ती शाबासकी वाटली. डिंपल हसता हसता थांबली, हे रत्नाच्या ध्यानात आलं नाही.

आषाढात पाऊस लागला आणि देवघराच्या भिंतीला ओल आली.

ती भिंत मोहिनीची होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच श्रावणात तिने देव्हाऱ्याच्या मागे गेरूने महिरप काढली होती. मग दर वर्षी श्रावणात कानबाई देवी घरात बसायच्या आधी ती त्यात काहीतरी भर घालायची. कधी केळीचे खांब, कधी सूर्य-चंद्र, कधी मोरपिसं. खाली पोपटांची एक रांग होती, नऊ पोपट, पोस्टर कलरने रंगवलेले. घर रंगवायचं असलं तरी रंगारी ती भिंत सोडून रंगवायचा. आता त्या भिंतीला पोपडे आले होते. एका पोपटाची शेपटी गळून देव्हाऱ्यावर पडली होती.

"तीन वरीस कानबाई बसनी नही आपला घर," तानुबाई म्हणाल्या. "औंदा बसाडूत. बठ्ठा भाऊबंद येतीन. पन भीत तं दख, कशी व्हयेल शे."

खानदेशात कानबाईसाठी घर रंगवतात, भांडीकुंडी घासतात, गावोगाव पांगलेले भाऊबंद एका घरात जमून तिच्या प्रसादाचे रोट खातात. त्या दिवशी घराने नवं दिसायचं असतं. योगेंद्रने नथ्थू रंगाऱ्याला बोलावलं. नथ्थूने भिंतीला नख लावलं आणि मान हलवली. "वहिनी, हे धरणार नाही. खरवडून, लांबीची पुट्टी भरून, वरून ऑइलपेंट मारला तरच टिकेल. नाहीतर दिवाळीपर्यंत सगळं खाली."

डिंपल तेव्हा नागपंचमीसाठी बोदवडला आजोळी गेली होती. मोहिनीची आई यशोदाबाई तिथे असायची. पोर शनिवारी परतणार होती, मंगळवार सुरू होता.

रत्नाच्या मनात आलं ते तेव्हाच. तिने योगेंद्रच्या फोनमधले जुने फोटो काढले. कानबाईच्या पूजेचे, डिंपलच्या वाढदिवसाचे. मागे भिंत होतीच. ते मोठे करून करून तिने प्रत्येक रेघ वहीत उतरवून घेतली. महिरपीला किती पाकळ्या, मोरपिसात डोळा कुठे, पोपटांमध्ये किती बोटं अंतर. मग नथ्थूला सांगितलं, "खरवडा."

संध्याकाळी योगेंद्र दुकानातून आला. उघडी राखाडी भिंत बघून दारातच थांबला.

"सगळंच काढलं?"

"ओल होती. धरत नव्हतं. मी काढते ना पुन्हा, जसंच्या तसं. डिंपल येईपर्यंत होईल."

त्याने चपला काढल्या. हात-पाय धुवून जेवायला बसला.

नथ्थूने लांबी भरून दिली आणि तीन दिवस रत्ना स्टुलावर उभी होती. मान धरली, खांदा दुखून आला, रंगाच्या वासाने डोकं उठलं. तिला कशाचंच काही वाटलं नाही. बुधवारी महिरप झाली, गुरुवारी केळी आणि सूर्य-चंद्र. शुक्रवारी पोपट. डावीकडून तिसरा पोपट जुन्या फोटोंतही वाकडा होता. चोच कपाळातून आल्यासारखी, एक पाय लांब, डोळा भलत्याच जागी. बाकी सगळं इतकं रेखीव आणि हा एकच असा कसा, असं रत्नाच्या मनात आलं. हात हलला असेल बिचारीचा. तिने तो इतर आठांसारखा नीट काढला.

शनिवारी दुपारी योगेंद्र डिंपलला स्टेशनवरून घेऊन आला. रत्नाने देव्हाऱ्याच्या दोन्ही बाजूंना समया लावल्या होत्या. भिंत उजळून निघाली होती. ती पोरीचा हात धरून तिला देवघरात घेऊन गेली.

डिंपल बघत राहिली. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ती पुढे झाली, खाली वाकली आणि डावीकडून पोपट मोजले. तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा कुठे गेला?"

"हा काय. तो जरा वाकडा झाला होता ना, म्हणून..."

"तो मी काढला होता." तिचा आवाज अगदी हळू होता. "मी चार वर्षांची होते. आईने माझा हात धरला नाही. म्हणाली, तुझा तू काढ. मग मी बाबांना सांगितलं हा आईने बिघडवला, तर आई म्हणाली हो, मीच बिघडवला."

"मला माहीत नव्हतं गं," रत्ना म्हणाली.

"आणि महिरपीवरचे ते ठिपके? ते तिने बोटाने दिले होते. तिच्या बोटाच्या रेघा दिसायच्या त्यात." डिंपलने भिंतीवरून हात फिरवला. ऑइलपेंट गुळगुळीत, थंड होता. "तुम्ही तिच्यावर रंग मारला, मावशी."

ती रडली नाही. बॅग उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी कानबाई बसली. चाळीस माणसं घरात होती. चुलत सासवा भिंत बघून म्हणत होत्या की मोहिनीनंतर एवढी कला असलेली बाई घरात आली हे नशीबच. रत्ना हातातलं पुरण वाटत होती आणि ऐकत होती. डिंपल नवा फ्रॉक घालून सगळ्यांना पाणी देत होती. आरतीला उभी राहिली, टाळ्या वाजवल्या. पण देवघराकडे तिने पाहिलं नाही आणि रोटाचा घास तोंडात घातला नाही. पोट दुखतं म्हणाली. तानुबाईंनी तिला जवळ ओढलं, तर त्यांच्या कुशीतून ती अलगद बाहेर निघाली.

आठ दिवसांनी तिने बापाला सांगितलं की तिला बोदवडला नानीकडे शिकायचंय. योगेंद्रने दोन दिवस तिला समजावलं. तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दाखला काढला. रत्ना त्या सगळ्या दिवसांत खूप वेळा आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन आली. एकदा आत गेली. डिंपल पुस्तकं भरत होती.

"मी पुसून टाकते ते सगळं," रत्ना म्हणाली. "भिंत पांढरी करून टाकते."

"त्याने काय होईल?" डिंपलने विचारलं. त्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, मोठं माणूस लहानाला विचारतं तशी.

पोर गेल्यावर पंधरवड्याने, एका सकाळी रत्ना दूध घेऊन आली तर देवघरातून खरखर ऐकू येत होती. योगेंद्र गुडघ्यांवर बसला होता. हातात मोटारीच्या वायरी सोलायची सुरी होती आणि तो तिसऱ्या पोपटावरचा रंग खरवडत होता. हळूहळू, बोटाएवढ्या जागेत. रंगाखाली लांबी निघाली, लांबीखाली सिमेंट.

तिला बघून तो दचकला. सुरी मिटली.

"काही नाही," तो म्हणाला. "खाली काही राहिलंय का बघत होतो."

"त्या दिवशी का नाही बोललात? भिंत उघडी होती तेव्हा?"

"तू इतक्या मनाने करत होतीस." तो उठला. "आणि तोवर काढून झालंच होतं. बोलून काय परत आलं असतं?"

"मला थांबायला तरी सांगायचं."

"मला वाटलं, तू काढशील आणि मला ती दिसेल." त्याने भिंतीकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "दिसलीच नाही. तू चांगलं काढलंयस, रत्ना. पण ती नाही दिसली."

तो आंघोळीला गेला. रत्ना दुधाची पिशवी हातात धरून बसली. पोरीच्या शब्दांनी ती इतके दिवस जळत होती, पण त्या घरात आपल्या नवऱ्याचंही काहीतरी आपण मोडलं हे तिला त्या सकाळी कळलं.

दिवाळीच्या आधी यशोदाबाईंचा फोन आला. डिंपलला पेट्या हव्या होत्या. चारही. योगेंद्र म्हणाला, टेम्पोने पाठवू. रत्ना म्हणाली, मी घेऊन जाते. तिने सगळे पडदे उतरवले, धुतले, इस्त्री केले, ज्याच्या त्याच्या पेटीत घातले. दोघींनी शिवलेला अभ्रा कुठल्या पेटीत घालावा ते तिला ठरवता येईना. शेवटी उन्हाळ्याच्या पेटीत सगळ्यात वर ठेवला. भुसावळला गाडी बदलून, हमालाला विनवून, दुपारी ती बोदवडला उतरली.

यशोदाबाईंनी दारातच तिच्या हातावर पाणी घातलं. म्हातारी बारीक, काटक होती. "बस वं बाई. दमली असशीन. पेट्या ठेव तिथीच, मी पाहून घेईन." मग शेजारी बसून हळूच म्हणाली, "तुही काही चूक नाही. माही लेक गेली तरी मी तुले कधी काही म्हनलं का? पन पोरीच्या मनात काय बसलं ते मले नाही काढता येत."

डिंपल शाळेतून आली. दोन महिन्यांत उंच झाली होती. रत्नाला बघून थांबली, मग दप्तर ठेवून समोर बसली. यशोदाबाई चहा करायला आत गेली.

"परत चल," रत्ना म्हणाली. "मी कशालाच हात लावणार नाही. तू म्हणशील तसं."

डिंपल फ्रॉकच्या शिवणीवरून नख फिरवत राहिली. "मावशी, तुम्ही वाईट असतात ना, तर मी राहिले असते."

"म्हणजे?"

"तुम्ही सगळं तिच्यासारखं करता. पडदा शिवला तर कुठे फाटला होता ते सापडलं नाही. अभ्रा आजीला आईचाच वाटला. मोगरा ठेवता, वाळा ठेवता." ती थांबली. "उन्हाळ्यात मला एक स्वप्न पडलं. आई कूलरपाशी बसून शिवत होती. मी जवळ गेले तर चेहरा तुमचा होता. आणि मला काही वाटलंच नाही. मला बरंच वाटलं." आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "चार वर्षं होत आली. मला तिचा आवाज आठवत नाही. त्या घरात तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं तेही आता कळेनासं झालंय. इथे काहीच नाही, म्हणून इथे ती थोडी आठवते."

रत्नाने हात पुढे केला, मग मागे घेतला. पोरीनेच तिचा हात धरला, क्षणभर, आणि सोडला.

चहा झाल्यावर डिंपलने उन्हाळ्याची पेटी उघडली. वरचा अभ्रा पाहिला. तो घडी न मोडता उचलून तिने रत्नाच्या पिशवीत घातला. "हा तुमच्याकडे राहू दे," म्हणाली.

दोंडाईचाचं घर उघडंबोडकं झालं होतं. खिडक्यांना नुसत्या दोऱ्या. रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावायची. रत्नाला मशीनवर बसवेना. शेवटी योगेंद्रनेच बाजारातून तयार पडदे आणले, निळ्या रंगाचे, त्यावर सोनेरी गोल. खिडकीपेक्षा ते वीतभर लांब होते. त्याने खिळे ठोकून लावले, एक बाजू खाली, एक वर. तानुबाई म्हणाल्या, "जाऊ दे, झाकाय गयं ना." भिंतीवरच्या चित्राला कोणी हात लावला नाही. रत्ना रोज तिथे दिवा लावायची आणि खाली मान घालून बाहेर यायची.

दिवाळीला डिंपल दोन दिवस आली. यशोदाबाईंनी पाठवलेला अनारशांचा डबा तिने आजीच्या हातात दिला. दिवाणाच्या कडेवर बसली. रत्नाने चिवडा आणला, तिने थोडा घेतला. अभ्यास कसा चाललाय, नानीचे गुडघे कसे आहेत, असं बोलणं झालं. दारात पणत्या लावायला तिला बोलावलं तर उठून आली आणि रत्नाने दाखवल्या त्या जागी ठेवत गेली. पूर्वी कुठली पणती कुठे असायची, ते ती काहीच बोलली नाही.

आत येताना तिने खिडकीकडे पाहिलं.

"छान आहेत पडदे," ती म्हणाली.

"तुझ्या बाबांनी आणले."

"हो का? छान आहेत."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्र तिला स्टेशनवर सोडायला गेला. निघताना ती आजीच्या पाया पडली, मग रत्नाच्या. रत्नाने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिच्या खांद्यांची हाडं हाताला लागली. पोर वाढत होती, आणि ते वाढणं दुसऱ्या घरात होणार होतं.

तानुबाई आतल्या खोलीत गेल्या आणि तिथूनच हाक मारली. रत्ना गेली. खाटेवर डिंपलचं अंथरूण होतं. चादर चौकोनी, पांघरूण तिच्यावर, उशी मधोमध, कडेला कड लावलेली.

"दख," तानुबाई म्हणाल्या. "पाहुनीनागत घडी करीसन गयी पोर."

त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. रत्ना उभी राहिली. मग तिने ते अंथरूण उचललं, कपाटात नेऊन ठेवायला म्हणून, पण कपाटापर्यंत गेली नाही. भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली आणि ती घडी मांडीवर तशीच धरून बसून राहिली, योगेंद्र स्टेशनवरून परत येईपर्यंत.